पहिला मिररलेस कॅमेरा: आधी खोली मोजा, मग लेन्स, मग बॉडी

प्रश्न थोडक्यात असा: राहणं दादरला, दहा बाय बाराचा हॉल, घरात साडेतीन वर्षांची मुलगी, एकूण बजेट ९० हजार. घरातले फोटो आणि शाळेचं गॅदरिंग हे मुख्य काम, वर्षातून एकदोनदा कोकण, जमलं तर फ्लेमिंगो. यात कोणत्या कंपनीचा कॅमेरा घ्यावा, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम) पुरेल का, सगळे सुचवतात ती ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) घ्यावी का, फुल फ्रेमसाठी (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरसाठी) थांबावं का, सेकंड हँड चालेल का आणि मुंबईच्या हवेत लेन्समध्ये होणाऱ्या फंगसचं (बुरशीचं) काय करायचं?

कंपनीचा प्रश्न सगळे सर्वात आधी विचारतात, पण फोटोत त्याने सर्वात कमी फरक पडतो. सोनी, कॅनन, निकॉन, फुजी यांच्या २० ते २६ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीतून चांगल्या उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे सांगणं कठीण जातं. फरक पाडते लेन्स. आणि लेन्स ठरते ती तुमच्यात आणि मुलीत किती फूट अंतर आहे त्यावरून. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात मेजरिंग टेप काढा.

हिशोब सोपा आहे. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर (कॅननची थोडी कमी, २२.३). सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा), गुणिले अंतर: एवढी जागा फ्रेममध्ये मावते. तीन मीटरवरून ५० एमएममध्ये १.४ मीटर, ३० एमएममध्ये २.३५ मीटर आणि १६ एमएममध्ये ४.४ मीटर. आता दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही युनिट सोडून तीन मीटर कुठे मिळतात? प्रत्यक्षात दोन, फार तर अडीच. दोन मीटरवरून ५० एमएममध्ये ९४ सेंटिमीटर येतात. कॅमेरा उभा धरला तरी उभी असलेली आजी गुडघ्यापर्यंतही येणार नाही आणि मांडीवर नात असेल तर एकीचा हात कापला जाईल.

५० एमएम एफ/१.८ सुचवणारे चूक नाहीत. ती सल्ल्याची परंपरा फुल फ्रेम आणि फिल्मच्या काळापासून आली, तिथे ५० एमएम मोकळी दिसते. एपीएस-सीवर तीच लेन्स ७५ एमएमसारखी, कॅननवर ८० एमएमसारखी दिसते. म्हणजे ती पोर्ट्रेटची लेन्स झाली. गच्चीवर, शिवाजी पार्कात, लग्नाच्या हॉलमध्ये ती सुरेख चालते. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये पाठ भिंतीला लागते.

तुमच्या हॉलसाठी २३ ते ३० एमएमची प्राइम (झूम न होणारी लेन्स) हवी. सिग्मा ३० एमएम एफ/१.४ सोनी ई, फुजी एक्स, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या चारही माउंटसाठी मिळते. सिग्माने कॅनन आरएफसाठी एपीएस-सी लेन्स २०२४ पासून आणल्या, त्यामुळे त्याआधीचे ‘कॅननला लेन्सच नाहीत’ असे सल्ले आता जुने झालेत. निकॉनवाल्यांना कंपनीची २४ एमएम एफ/१.७ हा हलका पर्याय आहे. खोली दहा फुटांपेक्षा लहान असेल तर १६ एमएम एफ/१.४ चा मोह होईल, पण तिने जवळून चेहरा काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ती खोली, रांगोळी, गणपतीची आरास यांसाठी ठेवा.

किट लेन्सचं काय

किट लेन्स टाकाऊ नसते. दिवसा, बाहेर, कोकणात तीच सर्वात जास्त वापरली जाईल. अडचण संध्याकाळी सातनंतर घरात येते, आणि ती आकड्यांतच बघितलेली बरी. दोन एलईडी ट्यूब असलेल्या साधारण हॉलमध्ये धावणाऱ्या मुलीचा फोटो हलू नये म्हणून शटर १/२५० सेकंद हवं. किट लेन्स ३० एमएमला एफ/४.५ च्या आसपास असते. या शटरला तिच्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००० च्या जवळ न्यावा लागतो. त्याच जागी एफ/१.४ ची लेन्स आयएसओ ८०० वर काम भागवते. दहापट उजेडाचा फरक आहे. आयएसओ ८००० ला मुलीच्या गालाचा पोत जातो, केस एकमेकांत मिसळतात आणि सॉफ्टवेअरने ग्रेन काढला की चेहरा मेणाचा दिसतो.

दुकानात याचं उत्तर म्हणून स्टॅबिलायझेशनची बॉडी दाखवतात. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, मुलीला नाही. समईच्या उजेडातल्या देव्हाऱ्याचा फोटो १/१० ला हातात धरून निघेल, पण उडी मारणारं मूल १/१० ला धूसरच येणार. व्हिडिओ चालत चालत काढायचा असेल तर मात्र बॉडीतलं स्टॅबिलायझेशन उपयोगी आहे.

एफ/१.४ ची लेन्स घेतल्यावर पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांची एकच तक्रार येते: ‘लेन्स सॉफ्ट आहे.’ बहुतेक वेळा लेन्स ठीक असते, फोकसची जागा चुकलेली असते. दीड मीटरवरून ३० एमएम एफ/१.४ ला पुढून मागे साधारण १४ सेंटिमीटरचाच भाग स्पष्ट येतो. ५६ एमएम एफ/१.४ ला तेवढ्याच अंतरावरून जेमतेम चार. म्हणजे जवळचा डोळा स्पष्ट आणि कान पुसट. कॅमेरा आल्याआल्या ऑटोफोकस मोकळा सोडलेला असतो आणि तो समोरची उशी किंवा खेळणं पकडतो. म्हणून या गोष्टी पहिल्याच दिवशी करा: फोकस मोड एएफ-सी, म्हणजे सतत फोकस धरणारा (कॅननवर त्याला सर्व्हो म्हणतात), चेहरा आणि डोळा ओळखण्याची सोय चालू, डायल एमवर (मॅन्युअल), शटर १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/१.८ किंवा एफ/२, आयएसओ ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ६४००. फोटो काळपट किंवा फटफटीत येत असेल तर फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनला हात लावा. दोनतीन माणसं पुढेमागे बसली असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४ करा, नाहीतर मागची मावशी फोटोत असून नसल्यासारखी.

एलईडी ट्यूबखाली फोटोत आडवे काळे-पांढरे पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो. उपाय दोन: मेकॅनिकल शटर वापरा आणि मुलगी धावत नसेल तेव्हा शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. व्हिडिओसाठी मेनूत पाल किंवा ५० हर्ट्झ निवडून २५ फ्रेम आणि शटर १/५०. इथेच बॉडीचा एक मुद्दा येतो: सोनी झेडव्ही-ई१० च्या २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मेकॅनिकल शटर नाही. व्हिडिओ करणाऱ्यांना त्याचं फार वाटणार नाही, पण घरातल्या दिव्यांखाली फोटो हेच मुख्य काम असलेल्यांनी ती घेण्याआधी याचा विचार करावा.

गॅदरिंग आणि फ्लेमिंगो

गॅदरिंगला तुम्हाला बहुधा दहाव्या रांगेत जागा मिळेल, स्टेजपासून १२ ते १५ मीटरवर. तिथे ५५-२१० किंवा ५०-२५० सारखी स्वस्त टेलिझूम लागते. २१० एमएमला १५ मीटरवरून १.७ मीटरची रुंदी येते, म्हणजे एकटी मुलगी भरून दिसेल, पाचसहा जणींचा नाच हवा असेल तर ८० ते १०० एमएम. स्टेजवर उजेड घरापेक्षा चांगला असतो, त्यामुळे एफ/५.६, १/२५० ला आयएसओ ३२०० च्या आसपास भागतं. खरी चूक वेगळीच होते. मागे काळा पडदा असतो, कॅमेरा तो बघून फोटो उजळवतो आणि चेहरे पांढरे फटक येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा. लाल किंवा निळ्या एलईडीत उणे १.३ पर्यंत जा. फ्लॅश बंदच ठेवा, एवढ्या लांब तो पोचत नाही, फक्त पुढच्या रांगेतली डोकी उजळतात.

फ्लेमिंगोंसाठी तीच टेलिझूम सुरुवातीला पुरे. ५० मीटरवरचा पक्षी २१० एमएमला फ्रेमच्या उंचीच्या एक तृतीयांश दिसेल, १०० मीटरवर एक षष्ठांश. शिवडीला ओहोटीत पक्षी चिखलावर लांब जातात. ठाणे खाडी अभयारण्यात ऐरोलीहून निघणारी बोट भरतीच्या वेळेवर चालते. म्हणून पक्ष्यांच्या जवळ नेण्याचं काम भरती-ओहोटीचं वेळापत्रक लेन्सपेक्षा स्वस्तात करतं. हे वेड टिकलं तर पुढे ३५० एमएमपर्यंतची झूम बघा.

बॉडी आणि बजेट

९० हजारांत बॉडी आणि किट लेन्सवर साठ-बासष्ट हजारांपेक्षा जास्त घालवू नका, बाकीचे प्राइम, कार्ड, जादा बॅटरी आणि ड्राय बॉक्ससाठी राखा. टेलिझूम गॅदरिंगच्या महिन्यात घ्या किंवा भाड्याने आणा.

बॉडी निवडताना एकच अट मी सोडणार नाही: डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर. झेडव्ही-ई१०, निकॉन झेड३०, फुजी एक्स-एम५ यांना तो नाही. ही व्हिडिओसाठी चांगली यंत्रं आहेत, पण गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारी दोन वाजता स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. कॅनन आर५०, सोनी ए६४००, निकॉन झेड५० मार्क २ यांना व्ह्यूफाइंडर आहे. आर१०० स्वस्त पडतो, पण त्याची स्क्रीन फिरत नाही आणि टचही नाही. मुलांचे फोटो खालून, त्यांच्या उंचीवरून काढायचे तर फिरणारी स्क्रीन हवीच. सिग्मासारख्या इतर कंपन्यांच्या लेन्सची निवड सोनीला सर्वात मोठी आहे, आणि हातात धरायला, मेनू समजायला कॅनन व निकॉन सोपे. दुकानात जाऊन दोन्ही हातात धरा, करंगळी खाली लोंबकळते का बघा.

फुल फ्रेमसाठी थांबू नका. या बजेटमध्ये जेमतेम जुनी बॉडी येईल आणि लेन्ससाठी पैसे उरणार नाहीत. फुल फ्रेमवर एफ/४ ची किट आणि एपीएस-सीवर एफ/१.४ ची प्राइम यांत संध्याकाळी घरात प्राइम सरळ जिंकते.

घरात जुनी डीएसएलआर (आतमध्ये आरसा असलेला कॅमेरा) आणि तिच्या लेन्स पडून असतील तर अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरवर आरएफ बॉडीला नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सना हाताने फोकस करावा लागेल.

दुकानात काय बघायचं

फोर्टात, बोरा बाजारच्या बाजूला एका फेरीत चारपाच दुकानांचे भाव समजतात. ‘बिलासकट किती, बिलाशिवाय किती’ हा प्रश्न तिथे ऐकू येईल. बिलाशिवाय घेऊ नका. बिल नसेल तर भारतातली वॉरंटी नाही, विमा नाही, आणि चोरी झाल्यावर पोलिसांपुढे मालकी दाखवायला काही नाही. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. ती नसेल तर माल बाहेरून आलेला समजा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, कॅमेऱ्यावरचा १८ टक्के जीएसटीसुद्धा. ‘जीएसटी वेगळा पडेल’ असं म्हणत कोणी एमआरपीच्या वर आकडा नेला तर उठून पुढच्या दुकानात जा. बिलावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचा सीरियल नंबर लिहून घ्या.

कार्ड व्ही३० लिहिलेलं, ६४ किंवा १२८ जीबीचं पुरे. १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ सेकंदाला १२.५ मेगाबाइट लिहितो, व्ही३० किमान ३० लिहितं. त्याहून महाग कार्डाचे पैसे या कॅमेऱ्यात फुकट जातात. नकली कार्ड मात्र खूप फिरतात. घरी आणल्यावर संगणकात एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, नाहीतर गॅदरिंगच्या मध्यावर फाइल्स करप्ट व्हायला लागतात.

सेकंड हँड बॉडीपेक्षा सेकंड हँड लेन्स घेणं जास्त फायद्याचं, कारण लेन्स लवकर जुनी होत नाही. तपासणी अशी: दोन्ही टोप्या काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे तंतू दिसले तर तो फंगस, लेन्स परत द्या. पॉवर झूमची (मोटरवर झूम होणारी) लेन्स दहा वेळा उघड-बंद करा. अडखळली, घरघरली किंवा बंद होताना अर्ध्यात थांबली तर आतली पट्टी किंवा मोटर जाण्याच्या मार्गावर आहे. बॉडी घेत असाल तर एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून मोठा करा. पुसट गोल डाग धुळीचे, ते निघतात. कडा स्पष्ट असलेला ओरखडा निघत नाही.

फंगस

मुंबईत लेन्स पडून फुटण्यापेक्षा कपाटात ठेवून खराब होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून इथे थोडं सविस्तर. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीचे कण रुजतात. जुलैत आपल्याकडे ती ८० च्या वर असते. त्यात कपाट ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल आणि लेन्स चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत असेल तर बुरशीला हवं ते सगळं मिळालं. कॅमेऱ्याची बॅग फिरायला नेण्यासाठी आहे, पावसाळाभर त्यात काही ठेवू नका.

विजेवर चालणारं छोटं ड्राय कॅबिनेट उत्तम, पण एक बॉडी आणि दोन लेन्ससाठी रबरी गॅस्केटचा दहा लिटरचा डबाही तेवढाच चांगला चालतो. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३० च्या खाली सतत नेऊ नका, रबर आणि ग्रीस कोरडं पडतं. हायग्रोमीटरशिवाय नुसतं जेल ठेवणं म्हणजे अंदाजपंचे, कारण जेल भरून गेलं की ते ओलावा घेणं थांबवतं आणि बाहेरून काही कळत नाही. नारिंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका, नवीन आणा.

तांदळात लेन्स ठेवण्याचा उपाय सोडा: तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड झूमच्या फटीत जाते. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवरच्या कोटिंगवर बसते. उलट लेन्स वापरात ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून झूम आणि फोकस पूर्ण फिरवा, तासभर उजेडात वापरा.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर पडलात की कॅमेरा लगेच काढू नका. थंड काचेवर दमट हवेचं दव बसतं, कधी आतसुद्धा. बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. दव बसलंच तर पुसू नका आणि लेन्स बदलू नका, आपोआप जाऊ द्या. समुद्रावर, विशेषतः भरतीच्या लाटा फुटतात तेव्हा मरीन ड्राइव्हला, लेन्सवर साधा प्रोटेक्ट फिल्टर लावा. रात्री दिव्यांचे फोटो काढताना तो काढून ठेवा, नाहीतर फोटोत दिव्यांची उलटी प्रतिबिंबं येतात. फिल्टर घेताना लेन्सच्या पुढे लिहिलेला व्यास बघा: सिग्मा ३० एमएमला ५२, निकॉनच्या १६-५० किटला ४६, कॅननच्या १८-४५ किटला ४९. घरी आल्यावर फडकं गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि त्याने बॉडी पुसा, लगेच कोरड्या फडक्याने, आणि तासभर पंख्याखाली ठेवून मगच डब्यात घाला. ओला कॅमेरा बंद डब्यात घातला तर डब्यामुळेच नुकसान होतं.

एवढं करूनही कडेला तंतू दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. सुरुवातीला फंगस काचेवर नुसता पसरलेला असतो आणि पुसून निघतो. महिने गेले की त्याचं आम्ल कोटिंग खातं, मग साफ केल्यावरही त्या जाळीचा ठसा काचेवर राहतो आणि उजेडाच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो.